बापांचा शिवणवर्ग

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगून पाठवलं की आजी, तुमच्या शिवणकामातल्या जुन्या गमतीजमती लिहा, लोकांना फराळाबरोबर वाचायला बऱ्या वाटतील. गमती माझ्याकडे आहेत, नाहीत असं नाही. त्या देतेच. पण गमती सांगायला बसले की त्यांच्या मागनं राग येतो, आणि वय झालं तसा तो निवायचा सोडून वाढतच चाललाय. म्हणून आधीच सांगते, ज्याला नुसतं गोड पाहिजे असेल त्यानं ही पानं उलटून पुढं जावं.

दुसरी मोठी लढाई संपून फौजेतली माणसं घरी परतायला लागली, त्या दिवसांतलं हे. आपल्या सातारा-सांगलीकडं घरटी एखादा गडी पलटणीत असायचाच. गेले तेव्हा वाजतगाजत गेले, आले ते खांद्यावर ट्रंक टाकून गुपचूप आले. घरच्या जमिनीच्या तुकड्यावर तोवर भावांचे संसार मांडलेले. दुष्काळी आटपाडी-जतकडच्यांना तर तुकडा असून नसल्यासारखा. बंदूक चालवता येते म्हणून गावात कोण काम देणार? मग सरकारनं साताऱ्यात कॅम्पाजवळ एक केंद्र काढलं. फुकट शिक्षण, दुपारचं जेवण, आणि शिकून झालं की काम लावून द्यायचं. सुतारकाम, मोटारदुरुस्ती आणि शिवण. अट एवढीच की ज्याच्या मागं पोरंबाळं आहेत त्याला आधी घ्यायचं. वरचे कॅप्टनसाहेब म्हणायचे, सडा माणूस चार दिवस शिकतो आणि मुंबईची वाट धरतो. पोरांचा बाप असला की मांडी घालून बसतो. झालं, सगळी पेठ त्याला 'बापांची शाळा' म्हणायला लागली.

त्या अटीपायी काय काय व्हायचं म्हणता. एक बिनलग्नाचा गडी बहिणीचं पोर कडेवर मारून नाव घालायला आला. हे माझंच, म्हणाला. पोर त्याच्या मिशा ओढतंय आणि 'मामा, मामा' करतंय. नावं घ्यायला बसलेले सुभेदार फौजेतले पेन्शनर, मोठे कडक. पण त्या दिवशी त्यांनाही तोंडावर रुमाल धरावा लागला.

आता मी तिथं कशी, ते सांगते. आम्ही शिंपी. नवऱ्याचं पेठेत दुकान होतं. तो पुढं मशीनवर बसायचा आणि आम्ही बायका आतल्या सोप्यात काजं, बटणं, हातशिलाई करायचो. मशीनला बाईनं हात लावायचा नाही असं काही कुणी बोललं नव्हतं, पण कुणी लावू दिला नव्हता हेही खरं. मी शिकले ती उसवून. जुना कोट दुरुस्तीला आला की दुपारी सगळी निजल्यावर त्याची बाही उसवायची, कशी बसवलीय बघायचं, आणि परत तशीच जोडून ठेवायची. नवरा अकाली गेला तेव्हा ही चोरटी विद्याच कामाला आली.

केंद्राला शिवण शिकवायला माणूस पाहिजे होता. सुभेदारांनी पेठेतल्या सगळ्या शिंप्यांना विचारलं. एक येईल तर शपथ. का येतील? बापजाद्यांची विद्या, ती परक्याला फुकट कोण देईल? शेवटी मी गेले, कारण घरात दोन लेकरं होती आणि पगार बांधलेला होता. माझ्या धाकट्या दिरांनी दारात उभं राहून सुनावलं, "वहिनी, आपल्या ताटातली भाकरी उचलून रस्त्यावर वाटायला निघालाय तुम्ही." मी म्हटलं, भाऊजी, माझ्या ताटात तुम्ही कधी वाढलीत ते आठवतंय का? तेव्हापासून बोलणं बंद.

वर्गात सगळे थोराड गडी. मिशा, छात्या, एकेकाचा पंजा माझ्या चेहऱ्याएवढा. मी आधी त्यांना दोऱ्याशिवाय मशीन चालवायला लावायची. जुन्या वर्तमानपत्रावर रेघ मारून द्यायची आणि त्या रेघेवरनं नुसती सुई न्यायची. पायानं मशीन मारणं म्हणजे सायकल मारणं नव्हे. थांबायला शिकणं हे त्यातलं खरं काम. शेतातल्या गड्याचा पाय एकदा सुरू झाला की थांबतोय कुठला. पहिल्या आठवड्यात सुया अशा मोडल्या की स्टोअरचा बाबू मला विचारायला आला, बाई, तुम्ही तिथं काय ज्वारी पेरताय का.

त्यात मारुती म्हणून एक पैलवानगडी होता, मिरजेकडचा, दोन पोरांचा बाप. स्वभावानं लोणी. त्यानं पहिली विजार कापली ती दोन्ही तंगड्या डावीकडच्या. कापड दुमडून एकदम कापायचं असतं, म्हणजे एक डावी एक उजवी आपोआप होते. ह्यानं एक कापली, तीच वर ठेवली आणि दुसरी कापली. ते दिवस कंट्रोलच्या कापडाचे. वीतभर चिंधीचा हिशेब द्यावा लागायचा. मी कपाळाला हात लावला तर तो म्हणतो कसा, "बाई, आमच्या पलटणीत लेफ्ट लेफ्टच लय व्हायचं. ऱ्हायलं डोक्यात." त्याच्यावर रागावणार तरी कसं?

आणि राणू होता. आटपाडीच्या बाजूचा, महारवाड्यातला. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. तो फौजेत असतानाच बायको बाळंतपणात गेली. तीन पोरं, थोरल्या दोन मुली आणि धाकटा मुलगा, म्हाताऱ्या आईजवळ गावाकडं. हात चांगला होता त्याचा. आणि सारखं एकच विचारायचा, "बाई, शिकून झाल्यावर खोली घेऊन ऱ्हाता यील न्हवं? म्हातारीचं आता पोरास्नी पानी सुदीक आनवत न्हाई." धाकटा त्याला ओळखत नव्हता, दादा म्हणून बापाला हाक तर लांबच. सुट्टीत घरी गेला की ते पोर आजीच्या पदराआड लपायचं. पोरं जवळ आणायची, एवढ्या एका गोष्टीसाठी तो शिकत होता.

माप घ्यायचं शिकवण्याचा दिवस आला. बाहेरच्याला वाटतं टेप लावली की झालं माप. तसं नसतं. छाती मोजताना टेपच्या आत दोन बोटं ठेवायची, माणसानं पोट आत ओढलंय का बघायचं, एक खांदा पडका असला तर हातानं चाचपून घ्यायचं. म्हणजे अंगाला हात लागतोच. मी म्हटलं, जोड्या करा, एकमेकांची मापं घ्या. जोड्या झाल्या आणि राणू टेप हातात धरून एकटाच उभा. वर्गात गडी विषम नव्हतेच. त्याच्या वाट्याचा गडी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला होता. तो आल्यावर मी म्हटलं, उभा राहा. तो खाली बघत म्हणाला, बाई, आमाला गावात ऱ्हायाचं हाय.

माझ्या अंगाचा भडका झाला. हे सगळे एका लढाईतून आलेले. तिकडं बॉम्ब पडताना ह्यांनी कधी शिवाशीव पाळली होती का, असं मी तोंडावर विचारलं. तेवढ्यात मारुती पुढं आला, सदरा काढून राणूसमोर छाती काढून उभा राहिला. "ये रं राणू, घे माप. पर गुदगुल्या केल्यास तर बघ, खांद्यावर घालून आपटीन." सगळे हसले. राणूनं माप घेतलं. टेप त्याच्या हातनं दोनदा सुटली, ते मी बघितलं. मारुतीनंही बघितलं असणार, कारण तो मुद्दाम बडबडत राहिला.

मला वाटलं, झालं. सुटलं एकदाचं. कसलं सुटलंय!

सरकारची मोठी चूक कुठं झाली ते आता सांगते. शिकवलं चांगलं, पण गावात शिंप्याची जागा रिकामी नसते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गावाला शिंपी ठरलेला, सुतार ठरलेला. सुगीला त्याचं बलुतं त्याला पोचतं. तिथं मराठ्याचा पोरगा मशीन घेऊन बसला तर गाव हसणार आणि गावचा शिंपी भांडायला येणार. राणूची तर बातच सोडा. त्यानं टेप हातात घेऊन कुणाच्या अंगणात जायचं? साहेबांना वाटलं, शिकला म्हणजे धंदा झाला. त्यामुळं सगळ्यांनाच शहरात जागा शोधावी लागली, आणि ते काम सुभेदारांच्या गळ्यात पडलं. नियम असा की ज्याची बसायची जागा ठरली त्यालाच सरकारी मशीन मिळणार.

सांगलीच्या एका शेठना दवाखान्याचे आणि पोलिसांचे कपडे शिवायचा मक्ता मिळाला होता. त्यांनी चार गडी मागितले. सुभेदारांनी वर्गातले चार निवडले, त्यात मारुती होता आणि राणूही. आठ दिवसांत राणू परत आला. म्हणाला, तिघं मशीनवर बसले, मला परड्यात पोती शिवायला बसवलंय. सुभेदार म्हणाले, असंल सुरुवातीला, दम धर. मी म्हटलं, कसली सुरुवात? ह्यानं कोट शिवून दाखवलाय वर्गात. मी सर्व्हिस मोटारीची दोन तिकिटं काढली आणि राणूला घेऊन सांगलीला गेले. माझ्यासारखी विधवा बाई एका गड्याला घेऊन परगावी निघाली म्हणून स्टँडावर ज्यांना बघायचं ते बघत होते. बघू देत.

दुकान पेठेत होतं, पुढं कापडाची गादी आणि मागच्या सोप्यात ओळीनं मशीनं. मारुती पहिल्याच मशीनवर होता. मला बघून उठला, नमस्कार केला. मग माझ्या मागं राणू दिसला आणि तो खाली बसून सुईत दोरा ओवायला लागला. सुईत दोरा होताच.

शेठ माणूस गोड. बसायला पाट दिला, पाणी दिलं, मला. राणू पायरीखाली उभा. मी विचारलं, ह्याचं मशीन कुठाय? शेठ म्हणाले, बाई, माझ्या मनात काही नाही, पण गिऱ्हाईक विचारतं. कापड कुणाच्या हाताखालून गेलं ते विचारतं. मी म्हटलं, दवाखान्यातला रोगी विचारतो का? पोलीस विचारतो का? ते हसले. मग सुभेदारांची चिठ्ठी आल्याचं सांगून त्यांनी एक युक्ती काढली. ती त्या दोघांत आधीच ठरली होती, हे मला तिथं कळलं.

"तुम्ही शिंपी," शेठ मला म्हणाले. "हा तुमचा भाचा म्हणून सांगा. नाव दुसरं घेऊ दे. उद्यापासून दुसऱ्या मशीनवर बसवतो, पगार बाकीच्यांइतकाच. सांगलीत ह्याला कोण ओळखतंय?"

मी राणूकडं बघितलं. माझं नाव मागत होते ते, पण द्यायचं की नाही हे मी कोण ठरवणार? घालवायचं होतं ते त्याचं.

राणूनं शेठना विचारलं, "पोरं आनली तर चालतील?"

"पोरं गावाकडं असू देत. म्हातारी आली, पोरं आली की बोलण्यावरनं ओळखतात लोक. मग तुझंही गेलं आणि माझंही."

"आन भेटाया आली तर?"

"आली तर म्हणायचं कुणाची तरी आहेत. गावाकडची आहेत. त्यात काय एवढं?"

माप घेताना गळ्यात टाकायची टेप होती राणूजवळ, ती त्यानं बोटावर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग मला म्हणाला, "बाई, धाकटं मला आत्ता कुठं दादा म्हनाया लागलंय. त्याला सांगू, सांगलीत आलास की मला दादा म्हनू नगंस?" शेठकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. "ह्ये न्हाई जमायचं. पोती शिवली तरी नाव माझंच लागतंय पोरास्नी."

मागं मारुतीचं मशीन थांबलं होतं. मी वळून बघितलं. वाटलं, उठेल हा. त्या दिवशी सदरा काढून उभा राहिला तसा उभा राहील. एक वाक्य बोलला असता तरी पुष्कळ झालं असतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, ओठ हलले त्याचे. मग मशीन परत सुरू झालं. त्यालाही दोन पोरं होती, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. पण माझा राग त्याच्यावरनं अजून पुरता उतरलेला नाही. शेठवरचा राग सोपा असतो हो. लोण्यासारख्या माणसावरचा राग काढायला जागाच मिळत नाही.

परत येताना मोटारीत राणू खिडकीबाहेर बघत बसला. मीच सारा वेळ बडबडत होते, कऱ्हाड आलं तरी बडबडतच होते.

खरा कहर पुढं झाला. सुभेदारांनी वर कळवलं की काम देऊ केलं होतं, माणसानंच नाकारलं. म्हणजे मशीनही गेलं. मी त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, बाई, मी त्याच्या भल्याचंच बघितलं. पगार मिळाला असता, पोरांना पैसा गेला असता, नावात काय आहे. वाईट माणूस नव्हते ते. खरंच वाटत होतं त्यांना की आपण वाट काढली. असल्या वाटा काढणाऱ्यांनी आमच्या देशाचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं उघड वैऱ्यानं केलं नसेल.

म्हणून मी कॅप्टनसाहेबांकडं गेले. त्यांना मराठी मोडकंतोडकं यायचं, मध्ये बाबू सांगायला होता. मी बाबूला म्हटलं, जसंच्या तसं सांग, गोड करू नको. "साहेब, तुम्ही दारावर पाटी लावली, बाप पाहिजेत. आम्हाला तीस मिशा मिळाल्या, त्यांतला एक बाप निघाला. आणि त्यालाच तुम्ही बाहेर काढताय."

साहेबांनी ऐकून घेतलं. सुभेदारांना बोलावलं, पुन्हा ऐकलं. मान हलवली, वाईट वाटतं म्हणाले. पण जागा ठरल्याशिवाय मशीन देता येत नाही, आणि एकदा नाकारणाऱ्याला दुसऱ्यांदा जागा देता येत नाही. नियम. वाईट वाटण्याला नियम नव्हता, ते त्यांनी पुष्कळ केलं.

मी राणूला माझ्या सोप्यात बसवलं. नवऱ्याचं जुनं मशीन पुसून, तेल घालून दिलं. दीर गल्लीत उभे राहून ओरडले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे, की आता आपल्या घराण्याचं मशीनही बाटवलं हिनं. मी खिडकी लावून घेतली. पण खिडकी लावून गिऱ्हाईक थोडंच येतं? बायका माझ्याकडं चोळ्या टाकायच्या त्याही हळूहळू बंद झाल्या. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. अहो, यंदा नाही शिवायच्या, म्हणायच्या. आणि दुसऱ्या दिवशी त्याच नव्या चोळीत समोरून जायच्या. राणूला सगळं कळत होतं. माझ्या लेकरांच्या ताटाकडं त्यानं एकदा बघितलेलं मी बघितलं, आणि मला कळलं की हा आता राहत नाही.

पुण्याकडं फौजेच्या कपड्यांचं मोठं कोठार आहे, तिथं शिलाईला माणसं घेतात, असं त्याला पलटणीतल्या कुणी तरी सांगितलं. तिथं नावानं हाक मारत नाहीत, बिल्ल्यावरच्या नंबरानं मारतात. मी म्हटलं, नंबरावर जगणार का आता? तर म्हणाला, "नंबर गड्याला हाय, बाई. पोरास्नी न्हाई."

गावाकडनं पोरं आणि म्हातारी आणली त्यानं. एक रात्र माझ्याकडं राहिली. सकाळी मी स्टँडावर पोचवायला गेले. मोटार भरली होती. धाकटा राणूच्या कडेवर, बापाच्या गळ्यात हात घालून, आणि मुली दोन्हीकडनं त्याचं धोतर धरून. कंडक्टर घाईत होता, दारात उभा राहून पोरं मोजत होता, अर्धं तिकीट कुणाकुणाचं लावायचं म्हणून. गर्दीत कुणाचं कोण कळेना त्याला.

"ही पोरं कुणाची रं?" तो ओरडला.

"माझी," राणू म्हणाला.

"तिन्ही?"

"तिन्ही माझी."

कंडक्टरनं तिकिटं फाडली आणि दार लावलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. तेवढंच तर राणू मागत होता सगळ्यांकडं.